यंदा गणिताला कोण आहे?

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्टला, लेकीच्या नव्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र ईमेलवर आलं. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. इथली शाळा सप्टेंबरात सुरू होते आणि लेक यंदा प्राथमिक संपवून माध्यमिकला जाते आहे. पत्र चांगलं चार पानी. पहिल्या दिवशी कुठल्या फाटकातून आत यायचं, टाय कुठला, मोबाइल बंद करून दप्तरात ठेवायचा, डब्यात शेंगदाण्याचं काही द्यायचं नाही कारण काही मुलांना ते चालत नाहीत. हे सगळं भराभर वाचत गेले आणि तिसऱ्या पानावर थांबले.

तिथे शिक्षकांची यादी होती. कोण सोडून गेलं, कोण नवीन आलं, कोण काय शिकवणार. खाली दोन ओळी होत्या. भौतिकशास्त्राच्या दोन जागांपैकी एक भरता आलेली नाही. ती भरेपर्यंत शेवटच्या वर्षाच्या मुलांना विषयाचेच शिक्षक मिळतील आणि खालच्या वर्गांचे तास रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे शिक्षक घेतील. सारवासारव नाही, लपवाछपवी नाही. शिक्षक नाही म्हटल्यावर मला काळजी वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण त्याहून जास्त वाटला तो विश्वास.

संध्याकाळच्या आरतीला ताईचा व्हिडिओ कॉल लागला तेव्हा हे तिला वाचून दाखवलं. ताई लांजा तालुक्यातल्या आमच्या गावी असते, तिचा मुलगा गावच्याच हायस्कूलला दहावीत आहे. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "आमच्याकडे जूनपासून गणिताला कोणी नाही गं. तुला उगाच काळजी नको म्हणून बोलले नाही."

तिने भाच्याच्या वहीत चिकटवलेल्या वेळापत्रकाचा फोटो पाठवला. प्रत्येक चौकोनात विषय आणि खाली शिक्षकांची आद्याक्षरं, मुलाच्या सुबक अक्षरात. गणिताच्या चौकोनातली आद्याक्षरं इतकी खोडली आहेत की कागद तिथे पातळ झालाय. त्यावर पेन्सिलने दोनदा "चित्रकला" आणि तीनदा "स्वाध्याय" असं लिहिलंय. सर मेअखेरीस निवृत्त झाले. शाळा १६ जूनला उघडली, प्रवेशोत्सव झाला, आठवीत आलेल्या मुलांना गुलाबाचं फूल आणि पुस्तकं दिली, फोटो निघाले. गणिताला कोणी नाही हे ताईला कळलं जुलैच्या शेवटी, तेही घटक चाचणीच्या पेपरवर तीस पैकी सात दिसले तेव्हा.

नेमक्या त्याच जून-जुलैत आपल्याकडे शाळेचा विषय रोज पहिल्या पानावर होता. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. १७ जूनला "सक्ती" जाऊन "सर्वसाधारणपणे" आलं, आणि हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गातली किमान २० मुलं हवीत अशी अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं ठरलं. त्या दिवसांत मी इथे रात्री उशिरापर्यंत मराठी वाहिन्या लावून बसायचे. पहिलीच्या लेकरावर तिसरी भाषा लादू नये असं माझं ठाम मत होतं आणि आहे. माझ्या मुलीला इथे शाळेतून मराठी घेता येत नाही. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेला गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू आहे, मराठी नाही. दर शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्याकडून जोडाक्षरं गिरवून घेताना भाषा हातातून निसटणं म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. म्हणून तो वाद मला कधीच फुकाचा वाटला नाही.

पण १७ जूनच्या त्या सुधारित निर्णयातच एक वाक्य होतं, ज्यावर फार कोणी बोललं नाही. हिंदीऐवजी निवडलेल्या त्या भाषेला शिक्षक देता आला नाही तर ती ऑनलाइन शिकवावी. म्हणजे भाषा कुठली यावर आपण रस्त्यावर उतरलो आणि शिकवणार कोण हा प्रश्न तसाच राहिला. तोच प्रश्न भाच्याच्या वेळापत्रकात पेन्सिलने लिहिलेला आहे.

मुख्याध्यापकांना दोष देणं सोपं आहे. ताई त्यांच्यावर चिडली होती, मीही चिडले. मग त्यांची बाजू कळली. शाळेचा पट ११२. गणिताला शिक्षक नाही ही बातमी जूनमध्ये फुटली असती तर दहा-पंधरा पालकांनी दाखले काढून मुलं तालुक्याच्या शाळेत घातली असती. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, पद जातं. पद गेलं की शिक्षक येण्याची आशाच संपते, आणि मग उरलेलीही मुलं जातात. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाविरुद्ध शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या त्या याच भीतीने. कोकणात, जिथे गावंच्या गावं मुंबईला गेली आहेत, तिथे ही भीती रोजची आहे. माणूस घाबरून गप्प बसतो. मी त्यांच्या जागी असते तर वेगळं वागले असते असं छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तरीही गप्प बसणं चूकच होतं, असं मला वाटतं. दहावीच्या मुलाचे जून, जुलै आणि ऑगस्ट परत येत नाहीत.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. भौतिकशास्त्राच्या नव्या शिक्षकांचं सरकारी उद्दिष्ट इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं पुरं होत नाही. २००४ पासून चौदा वर्षांपुढे परकीय भाषा शिकणं ऐच्छिक केलं, आणि भाषा घेणारी मुलं झपाट्याने कमी झाली. ती चूक अजून निस्तरता आलेली नाही. शिवाय गावच्या शाळेवर गावाचा जो जीव असतो तो मला इथे दिसलेला नाही. आमच्या हायस्कूलच्या भिंतींचा चिरा गावकऱ्यांनी डोक्यावरून वाहून आणला होता, पत्र्यांचे पैसे गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्यांनी दिले होते. ज्या गावाने शाळा उभी केली त्यालाच शाळेत काय कमी आहे ते सांगायचं नाही, हे मला सहन होत नाही.

कायदाही इथे अर्ध्यावर थांबतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवता येत नाहीत. पण तो कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीच्या पालकाला बोट ठेवायला तेवढंही कलम नाही. म्हणून मला वाटतं, प्रवेशोत्सवाच्या दिवशी फुलाबरोबर प्रत्येक पालकाच्या हातात एक कागद पडावा. मंजूर पदं किती, भरलेली किती, कुठल्या विषयाला कोण, आणि जिथे कोणी नाही तिथे तोवर काय सोय. त्याला अनुदान लागत नाही, पोर्टल लागत नाही. झेरॉक्सचा खर्च होईल तेवढाच.

ताईने हे माझ्याहून धीटपणे केलं. गौरी आणायच्या आदल्या दिवशी, ३० ऑगस्टला, चाकरमानी गावात होते म्हणून देवळात शाळेची सभा ठेवली होती. विषय रंगकामाच्या वर्गणीचा. ताई उठून म्हणाली, "रंगाचं मागाहून बघू. यंदा गणिताला कोण आहे ते आधी सांगा." मुख्याध्यापक थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पिशवीतून कागद काढून वाचला. मंजूर शिक्षक पाच, हजर तीन. गणित आणि इंग्रजी रिकामं. बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं याची यादी, तपासून यायची आहे, त्यानंतर शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर मागणी जाणार. वाचताना त्यांचा आवाज कापत होता, असं ताई म्हणाली. कोणी आरडाओरडा केला नाही. दाखला काढायची भाषाही कोणी केली नाही.

मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळाने रंगकामाचे पैसे घड्याळी तासिकेच्या, म्हणजे तासांवर शिकवणाऱ्या शिक्षकाच्या, मानधनाकडे वळवले. बोरिवलीहून आलेले, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले एक गणिताचे शिक्षक दिवाळीपर्यंत गावातच राहायला तयार झाले. त्यांनी बीजगणितापासून सुरुवात केली आहे, सकाळी साडेनऊला, शाळा भरायच्या आधी. इंग्रजीचं अजून काही जमलेलं नाही. दिवाळीनंतर गणिताचं काय, तेही ठरायचं आहे.