दोन हीटर एकमेकांशी भांडत नाहीत

थंडीची चाहूल लागली की मासे पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज हमखास फिरतो: ‘एका टाकीत दोन हीटर लावू नका. वीजबिल दुप्पट येतं, दोन थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर बंद-चालू करणारे भाग) एकमेकांशी भांडतात, बिघाडाचा धोकाही दुप्पट. त्यापेक्षा एकच मोठ्या वॉटचा हीटर घ्या.’ नाशिकच्या थंडीत डिस्कस हे उबदार पाणी लागणारे मासे सांभाळणाऱ्या मला हा सल्ला माशांच्या जिवावर उठणारा वाटतो.

वीजबिलाचं आधी संपवू. टाकीतून जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढीच भरून काढायची असते, मग ती एकाने भरा की दोघांनी. ३०० वॉटचा एक हीटर तासाला ४० मिनिटं चालत असेल, तर १५०चे दोन मिळूनही ४० मिनिटंच चालतील. दोन्हीकडे ०.२ युनिट. बिल खरंच कमी करायचं असेल तर टाकीवर झाकण ठेवा आणि मागच्या काचेला थर्माकोल लावा.

भांडणाचं म्हणाल, तर हीटर पाणी फक्त तापवतो, गार करत नाही. एकाने केलेलं दुसरा मोडणार कसा? दोघांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, हे खरं आहे. एक आधी बंद होतो, दुसरा थोडा जास्त राबतो, एवढंच. मी एक २९ अंशांवर आणि दुसरा २८ वर ठेवतो, म्हणजे कडाक्याच्या रात्रीच दुसऱ्याला हातभार लावावा लागतो. हीटरवरच्या आकड्यावर मात्र विसंबत नाही. थर्मामीटर वेगळा असतो.

आता धोक्याचं, कारण खरा घोळ इथे आहे. दोन वस्तू असल्या की त्यातली एखादी बिघडण्याची शक्यता वाढते, हे मान्य. पण बिघडल्यावर काय होतं ते मेसेजमध्ये कुठेच नाही. थर्मोस्टॅटचे पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे टोक, चिकटले की हीटर बंदच होत नाही. समजा, २०० लिटरच्या टाकीत ३०० वॉट सतत चालले तर पाणी खोलीपेक्षा १४ अंशांनी चढतं. दिवसा खोली २६ वर असेल तर पाणी हळूहळू ४० कडे सरकणार. १५०चा चिकटला तर वाढ निम्मी, म्हणजे ३३च्या आसपास. ३३ डिस्कसना त्रासाचे असतात, पण आपल्या हातात वेळ राहतो. ४० मध्ये काहीच उरत नाही. पाणी तापतं तसा त्यातला प्राणवायूही घटतो, म्हणून अशा वेळी आधी प्लग काढा आणि एअर पंप पूर्ण जोरात चालू करा.

उलट बाजूही तशीच. हीटर रात्री बंद पडला आणि खोली १८ वर असली, तर एकट्या हीटरची टाकी सकाळपर्यंत गारठायला लागते. दुसरा १५०चा असेल तर तो पाणी २५ च्या खाली जाऊ देत नाही. मागच्या एका जानेवारीत माझा एक हीटर असाच गेला. सकाळी डिस्कस काळवंडून कोपऱ्यात उभे होते, पण सगळे जिवंत होते. त्या सकाळपासून दुसऱ्या हीटरबद्दल वाद निघाला की मी गप्प बसत नाही.

मेसेजमधलं एक मात्र बरोबर निघू शकतं: ३०० चे दोन लावलेत तर खरोखरच धोका वाढवलात, कारण त्यातला प्रत्येक जण एकटाच टाकी उकडू शकतो. लागणारे एकूण वॉट निम्मे-निम्मे वाटायचे, सरळ दुप्पट करायचे नाहीत. तीस-चाळीस लिटरच्या टाकीला एकच छोटा हीटर पुरतो, आणि गोल्डफिशला तोही नको. मुंबईत बऱ्याच घरांत टेट्रासारखे छोटे मासेसुद्धा हीटरशिवाय हिवाळा काढतात.

दोन्ही हीटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, नाहीतर बोर्ड गेला की दोन्ही गेले. एक फिल्टरच्या धारेजवळ ठेवा, दुसरा समोरच्या टोकाला. आणि पाणी बदलताना दोन्हींचे प्लग पंधरा मिनिटं आधी काढा. हीटरची तापलेली काच उघडी पडली की तडकू शकते.