दोन दिवसांच्या एफडीपीने कॉलेज ‘एआय-सज्ज’ होत नाही

प्राध्यापकांच्या आणि संस्थाचालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक दावा वेगवेगळ्या शब्दांत फिरतो आहे. त्याचं सार असं: एआयची साधनं आता विद्यार्थ्यांना फुकट आहेत, ती मराठीही बोलतात, वीस-पंचवीस लाखांची जीपीयू (एआयची जड आकडेमोड करणारी ग्राफिक्स चिप) लॅब उभारा, कॉपी पकडायला, म्हणजे एआयने लिहिलेला मजकूर ओळखायला, डिटेक्टर घ्या, प्राध्यापकांची दोन दिवसांची एफडीपी (शिक्षकांचं प्रशिक्षण शिबिर) उरकून टाका, की नॅकची (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची) टीम यायच्या आत कॉलेज एआय-सज्ज. यातलं सगळंच खोटं नाही. पण जिथे पैसा लागत नाही तिथे तो ओतायला सांगितलाय, आणि जिथे खरोखर वेळ द्यावा लागतो ते काम दोन दिवसांत गुंडाळलंय.

‘साधनं फुकट आहेत, खर्च मिटला’

फुकट आहेत, पण मुदतीची. गूगलने 2025 मध्ये भारतातल्या विद्यार्थ्यांना जेमिनीची सशुल्क आवृत्ती वर्षभरासाठी देऊ केली. एअरटेलच्या ग्राहकांना त्याच वर्षी पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर मिळालं. 4 नोव्हेंबर 2025 पासून चॅटजीपीटी गो नोंदणी करणाऱ्या भारतीयांना वर्षभर मोफत झालं. पदवी मात्र तीन-चार वर्षांची असते. पहिल्या सेमिस्टरला ज्या सशुल्क सोयीवर प्रात्यक्षिकं बेतली, तीच तिसऱ्या सेमिस्टरला पैसे मागू लागते. नोंदणी करताना यूपीआय ऑटोपे जोडून ठेवलं असेल तर मुदत संपल्यावर पैसे परस्पर कापले जातात, आणि ते खातं बहुधा वडिलांचं असतं. म्हणून प्रात्यक्षिकाची सूचना कुठल्याही चॅटबॉटच्या साध्या, मोफत आवृत्तीवर चालेल अशीच लिहावी. सूचनेत उत्पादनाचं नाव घालायची गरज नसते.

दुसरी अडचण खात्यांची. या सवलती वैयक्तिक खात्यांवर मिळाल्या. अशा खात्यातला मजकूर कंपनी मॉडेल सुधारण्यासाठी वापरू शकते. ते नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं. प्राध्यापक अंतर्गत गुणांची एक्सेल शीट नाव आणि पीआरएनसकट (विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकासकट) चॅटबॉटला देतात आणि ‘सरासरी काढ’ म्हणतात, तेव्हा विद्यार्थ्यांचा वैयक्तिक डेटा कॉलेजबाहेर गेलेला असतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात 18 वर्षांखालील मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. दहावीनंतर पॉलिटेक्निकला आलेली मुलं पंधरा-सोळा वर्षांची असतात, हे खरेदी समितीच्या ध्यानीमनीही नसतं.

उपाय बहुतेक कॉलेजांकडे आधीच पडून आहे. गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनची संस्थेची खाती ऑनलाइन वर्गांच्या काळात अनेकांनी घेतली. त्या खात्यांवरच्या जेमिनीतला मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जात नाही, असं गूगलचं धोरण आहे, आणि वयानुसार गट पाडून सुविधा चालू-बंद करणं ॲडमिनच्या हातात असतं. काम अर्ध्या दिवसाचं. फक्त ॲडमिनचा पासवर्ड सोडून गेलेल्या लॅब असिस्टंटकडे राहिलेला नसावा.

‘पंचवीस लाखांची जीपीयू लॅब हवीच’

कुणासाठी? कला आणि वाणिज्य शाखांना जीपीयू लागत नाही. चालू ब्राउझर आणि बरं इंटरनेट पुरतं. बीएस्सी संगणकशास्त्र किंवा इंजिनिअरिंगच्या मशीन लर्निंगच्या पहिल्या पेपरात रिग्रेशन, डिसिजन ट्री, के-मीन्स असतात. काही हजार ओळींच्या तक्त्यावर हे सगळं 8 जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर सेकंदांत चालतं. जीपीयूची गरज डीप लर्निंगपासून सुरू होते, आणि तिथेही गूगल कोलॅब या ब्राउझरमध्ये कोड चालवायच्या सेवेवर 16 जीबीचं टी4 जीपीयू कार्ड मोफत मिळू शकतं. कॅगल या तशाच सेवेवर आठवड्याला साधारण 30 तास जीपीयू मिळतो, त्यासाठी मोबाइल क्रमांकाची पडताळणी करावी लागते.

मोफत कोटा संपतो तो चुकीच्या सवयीने. विद्यार्थी कोलॅबची नोटबुक (कोडची फाइल) उघडताच जीपीयू चालू करतात आणि पहिला तासभर डेटा साफ करण्यात घालवतात. त्या कामात जीपीयू नुसता बसून असतो, पण कोटा कापला जातो. डेटा साफ करणं सीपीयूवर उरकावं, साफ फाइल ड्राइव्हवर ठेवावी आणि प्रशिक्षण द्यायच्या क्षणीच जीपीयू घ्यावा. फाइल कोलॅबच्या तात्पुरत्या डिस्कवर राहिली तर सेशन तुटल्यावर ती जाते, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री रडारड होते.

केंद्र सरकारच्या इंडियाएआय मिशनखाली जीपीयू तासाला सुमारे 65 रुपयांच्या सवलतीच्या दरात मिळतात, असं सरकार सांगतं. अर्ज करून मंजुरी मात्र घ्यावी लागते. आता हिशोब करा. 20 जणांची बॅच, 10 प्रात्यक्षिकं, प्रत्येक 2 तासांचं: 400 तास, म्हणजे 26 हजार रुपये. तीन बॅचेस धरल्या तरी लाखाच्या आत. पंचवीस लाखांची लॅब एसी, यूपीएस आणि देखभाल करारासकट डेडस्टॉक रजिस्टरवर चढते आणि पाच वर्षांत कालबाह्य होते. निविदा काढणाऱ्याला ती आवडते, यात नवल नाही.

एक मशीन मात्र जरूर घ्यावं: कॉलेजच्या आतच भाषा-मॉडेल चालवून दाखवायला. 8 अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलने शिकलेल्या आकड्यांचं) मॉडेल, प्रत्येक आकडा 16 बिटमध्ये ठेवला तर, 16 जीबी मेमरी मागतं, 4 बिटमध्ये आवळलं की साधारण 5 जीबीत बसतं. म्हणजे 12 जीबीचं एक ग्राफिक्स कार्ड, 32 जीबी रॅम आणि ओलामा हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर भागतं. ओलामाच्या सेटिंगमध्ये होस्टचा पत्ता 0.0.0.0 केला की लॅबमधल्या बाकीच्या संगणकांवरून पोर्ट 11434 वर ते वापरता येतं. इथे तीन घोटाळे हमखास होतात. पहिला: या पोर्टला पासवर्ड नसतो, त्यामुळे तो राउटरवरून बाहेर उघडू नये. दुसरा: वीस जणांनी एकदम प्रश्न टाकले की रांग लागते आणि ‘हँग झालं’ म्हणून कुणीतरी मशीन बंद करतं, पाच-पाचचे गट करावेत. तिसरा सगळ्यात फसवा. संदर्भ-मर्यादा, म्हणजे मॉडेल एका वेळी किती मजकूर लक्षात घेतं ती, मूळ सेटिंगमध्ये अनेकदा 4,096 टोकनांची (शब्दांच्या तुकड्यांची) असते, आणि तेवढाच मजकूर मराठीत असला तर इंग्रजीपेक्षा जास्त टोकन खातो. मराठी नोट्सची काही पानं टाकली की मजकुराचा काही भाग गुपचूप गाळला जातो. उत्तर मात्र ठणठणीत येतं. मर्यादा वाढवून पुन्हा तोच प्रश्न विचारायला लावावा. मॉडेल न वाचलेल्या पानांबद्दलही बोलतं, हे त्याहून चांगलं दुसऱ्या कशाने कळत नाही.

‘मराठी येतं, म्हणजे मराठी माध्यमाचं झालं’

मराठी येतं हे मान्य, आणि ते झपाट्याने सुधारतंय. अडतं ते आपल्याकडून जाणाऱ्या मजकुरापाशी. कित्येक विभागांच्या नोट्स आणि प्रश्नसंच श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरांच्या जुन्या फॉन्टांत आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. तपासायला सोपं: एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी दिसलं तर युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची पद्धत), नाहीतर आधी कन्व्हर्टर चालवा आणि रफार, जोडाक्षरं नजरेखालून घाला; चुका तिथेच होतात. कागदावरच्या नोट्स 300 डीपीआयवर स्कॅन करून ओसीआर करा, म्हणजे चित्रातला मजकूर अक्षरांत उतरवा.

शास्त्र आणि अर्थशास्त्रात परिभाषा हिंदी वळणाची येते, चलनवाढीच्या जागी ‘मुद्रास्फीती’ असा मामला. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशातल्या त्या प्रकरणापुरत्या पंचवीस-तीस संज्ञा प्रश्नासोबतच द्याव्यात.

‘डिटेक्टर घेतला की कॉपी थांबते’

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी 2023 मध्ये आणला. कंपनीच्याच चाचणीत तो एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी 26 टक्केच ओळखायचा आणि माणसाने लिहिलेल्या 9 टक्के मजकुरावर एआयचा शिक्का मारायचा. त्याच वर्षी जुलैत तो मागे घेतला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये सात डिटेक्टर टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या 91 निबंधांवर चालवून पाहिले. हे निबंध इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे होते. सरासरी 61 टक्के निबंध ‘एआयने लिहिलेले’ ठरले. कारण सरळ आहे: हे डिटेक्टर पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात. मोजका शब्दसंग्रह आणि पाठ केलेली वाक्यरचना वापरणारं आपल्याकडचं मराठी माध्यमाचं मूल इंग्रजीत तसंच लिहितं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने 2023 मध्ये टर्निटिन या कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची एआय ओळखणारी सोय बंद करून टाकली.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ घातला जातो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वाङ्मयचौर्याबद्दलच्या 2018 च्या नियमांतली 10 टक्क्यांची सूट साम्याची आहे, म्हणजे छापील किंवा ऑनलाइन मजकुराशी जुळणाऱ्या भागाची. डिटेक्टरचा ‘एआय टक्का’ हा निव्वळ अंदाज असतो. दोन्ही आकडे एकाच अहवालात शेजारी छापून येतात म्हणून त्याच पट्टीने प्रबंध परत पाठवायचा, याला त्या नियमांत आधार नाही. संशय आला तर गूगल डॉक्सचा आवृत्ती-इतिहास मागा आणि समोर बसवून चार प्रश्न विचारा.

‘दोन दिवसांची एफडीपी पुरे’

पहिल्या दिवशी एआयचा इतिहास, दुसऱ्या दिवशी पन्नास साधनांची यादी, फीडबॅक फॉर्म, प्रमाणपत्र. कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाइलला उपयोग होतो. सोमवारी वर्गात काय बदलायचं, ते कळत नाही. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईच्या अटल योजनेतली एफडीपीसुद्धा सहा दिवसांची असते.

त्यापेक्षा दोन-दोन तासांच्या सहा बैठका सेमिस्टरभर पसराव्यात आणि प्रत्येकाने स्वतःच्या विषयाचा कागद घेऊन बसावं. पहिल्या बैठकीचं काम एवढंच: आपल्या गृहपाठातले पाच प्रश्न चॅटबॉटला द्यायचे आणि उत्तरं आपल्याच गुणदान पद्धतीने तपासायची. ज्या प्रश्नाला दहापैकी सात पडतात, तो घरी लिहायला देण्यात अर्थ उरलेला नाही. ‘1972 च्या दुष्काळाची कारणे व परिणाम लिहा’ हा त्यातलाच.

तोच प्रश्न बदलता येतो. चॅटबॉटचं उत्तर विद्यार्थ्याने छापून आणावं. त्यातलं प्रत्येक साल, आकडा आणि योजनेचं नाव अधोरेखित करावं. ग्रंथालयातल्या पुस्तकाशी किंवा जिल्हा गॅझेटियरशी ताडून समासात पान क्रमांक लिहावा, चुकलेलं खोडून दुरुस्त करावं. रोजगार हमीचा कायदा 1977 चा, काम त्याआधीच सुरू झालं होतं. अशा जागी चॅटबॉट सालांची सरमिसळ करू शकतो. संदर्भ म्हणून दिलेलं पुस्तक मुळात आहे का, तेही बघावं. मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये आयकराचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात अस्तित्वातच नसलेले निवाडे आधाराला घेतले होते. एआयने दिलेलं पडताळल्याशिवाय वापरू नका, असंही बजावलं. गुणांची विभागणी: पडताळणीला 4, दुरुस्त उत्तराला 3, तोंडी परीक्षेला 3.

अडणार ते तोंडीपाशी. 60 विद्यार्थी, प्रत्येकी 4 मिनिटं, म्हणजे 240 मिनिटं: 48 मिनिटांच्या तासिकेने बरोबर पाच तासिका. एका गृहपाठासाठी एवढ्या कुणाकडेच नसतात. म्हणून चिठ्ठी टाकून वीस जणांनाच बोलवावं. कुणाचं नाव निघेल हे माहीत नसल्याने तयारी साठही जणांना करावी लागते. ज्यांची तोंडी झाली नाही त्यांचे ते 3 गुण पुढच्या गृहपाठाच्या फेरीत. संलग्न कॉलेजला अभ्यासक्रम बदलता येत नाही, पण अंतर्गत मूल्यमापन कोणत्या रूपात घ्यायचं याला बऱ्याच विद्यापीठांत मोकळीक आहे. विद्यापीठाचं परिपत्रक वाचून ठरवलेलं रूप प्राचार्यांच्या सहीने सत्राच्या सुरुवातीलाच फलकावर लावावं, मधेच बदललं तर तक्रारी येतात.

वीस जणांच्या तोंडीलाही 80 मिनिटं जातातच. ती घेणारे अनेक शिक्षक तासिका तत्त्वावरचे असतात, आणि त्यांना मानधन फक्त घेतलेल्या तासिकेचं मिळतं. जीपीयू लॅबसाठी ठेवलेल्या रकमेतून या 80 मिनिटांचं मानधन मंजूर करा.