पाण्याले उतार पाहिजे, भाऊ

रात्री अडीचच्या सुमारास कपाळावर थेंब पडला. दुसऱ्या गावचा माणूस दचकून उठला असता. मी नागपूरचा, मी झोपेतच हसलो आणि कूस बदलली. कुलरसमोर खाट टाकून ज्याचं बालपण गेलं, त्याला तोंडावर उडणारं पाणी म्हणजे घरचीच माया वाटते. दुसरा थेंब कानात गेला तेव्हा आठवलं की या खोलीत कुलर नाही. इथे एसी आहे, दीड टनाचा, हप्त्यांवर घेतलेला. आणि तो रडतो आहे.

मुळात आमच्या घरात एसी आला तो आईच्या विरोधाला न जुमानता. आईचा कुलरवर विश्वास आहे. एप्रिल लागला की वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंप साफ करायचा, टाकी घासायची आणि मग पावसापर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतायच्या, हा तिच्या लेखी उन्हाळ्याचा धर्म. इथलं ऊन असं की २०२४च्या मेअखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. नंतर कळलं की सेन्सरच बिघडला होता. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. सेन्सर झाला तरी नागपूरचाच, त्यालाही ऊन लागलं असेल.

तर तडजोड अशी झाली की बेडरूममध्ये एसी, हॉलमध्ये कुलर, आणि मधलं दार उघडं. कारण दार लावलं की आईला कोंडल्यासारखं होतं. या व्यवस्थेतला विनोद माझ्या ध्यानात यायला दोन महिने लागले. कुलर काय करतो? पाण्याची वाफ करून ती हवेत सोडतो. एसी काय करतो? खोलीतली हवा थंडगार कॉइलवरून फिरवतो, आणि थंड पेल्याला बाहेरून पाणी सुटावं तसं हवेतल्या वाफेचं पाणी त्या कॉइलवर जमतं. ते खालच्या ट्रेमध्ये ठिबकतं आणि नळीवाटे बाहेर जातं. म्हणजे सकाळी मी जिन्यावरून धापा टाकत बादलीनं जे पाणी हॉलमध्ये आणत होतो, तेच पाणी रात्री एसी वीज जाळून, थेंब थेंब मोजत गॅलरीतून बाहेर टाकत होता. दोन्ही यंत्रं इमानदारीनं काम करत होती. मूर्ख कोण ते तुम्ही ठरवा.

आता ही नळी. एसी घेताना दुकानात आपण स्टार विचारतो, हप्ता विचारतो, स्टॅबिलायझर फुकट मिळेल का ते तर दोनदा विचारतो. नळीबद्दल कोणी विचारत नाही. बोटभर जाडीची, पांढरी, घडीघडीची, हत्तीच्या पिल्लाच्या सोंडेसारखी ती नळी भिंतीतल्या भोकातून बाहेर पडते आणि गॅलरीत लोंबत राहते. तिला पंप नाही, मोटर नाही. पाणी आपल्या वजनानं उतरतं, एवढाच तिचा आधार.

आमची नळी उतरली ती थेट खालच्या काकूंच्या अंगणात. आणि एप्रिलमध्ये आमच्या प्रतापनगरच्या अंगणात काय असतं? वाळवण असतं. खाटेवर धोतराचं पान, त्यावर कुरड्या.

"अरे बाबू," काकू खालून म्हणाल्या, "तुझा एसी माझ्या कुरड्या भिजवून राहिला."

काकूंचा आवाज शांत होता, त्यामुळे मी जास्त घाबरलो. लगेच नळीचं तोंड उचललं, कठड्यावर चढवलं आणि तारेनं घट्ट बांधून पलीकडच्या नालीच्या दिशेनं वळवलं. मधल्या मध्ये नळीनं छान झोळी घेतली. पाणी नालीत पडू लागलं. काकूंनी कुरड्यांचा चीक वाटीभर वर पाठवला. मी स्वतःवर इतका खूश झालो की ती तार मी दोन पाहुण्यांना दाखवली.

मेअखेर, ऐन नवतप्यात, आम्ही आठ दिवस अमरावतीला लग्नाला गेलो. परत आलो, एसी लावला, आणि चार दिवसांनी लक्षात आलं की बाहेरची टपटप बंद झाली आहे. मला वाटलं, बरं झालं, एसी सुधारला.

मग मृगाचा पाऊस पडला. नागपुरात पहिल्या पावसानंतर जी उमस सुटते तिच्यापुढे कुलर हात टेकतो. हवा आधीच ओली, तिला आणखी ओलं करून गारवा कुठून येणार? सगळं घर बेडरूममध्ये गोळा झालं, एसी रात्रभर चालू लागला. अशा ओल्या हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. ते बाहेर गेलं नाही तर आत येतं, इतका साधा हिशेब. आणि मग रात्री अडीच वाजता कपाळावर पहिला थेंब पडतो.

पहिल्या रात्री एसीखाली बादली लावली. बादलीत थेंब इतका वाजायचा की झोप येईना, म्हणून तिच्यात टॉवेल टाकला. तिसऱ्या रात्रीपर्यंत बादली, परात, डोसाच्या पिठाचं पातेलं आणि आईचं जुनं गंगाळ अशी सगळी भांडी पलंगावर आणि आम्ही खाली सतरंजीवर.

मेकॅनिकला फोन केला. "येऊन राहिलो न भाऊ, बर्डीवर आहो." दुसऱ्या दिवशीही तो बर्डीवरच, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातच होता. तिसऱ्या दिवशी त्यानं फोनवरच निदान केलं, "गॅस कमी झाला असंल." एसीचं काहीही बिघडो, पहिला संशय गॅसवर. वास्तविक एसीचा गॅस हा काही सिलिंडर नाही, तो वापरून संपत नाही. कमी झाला तर कुठून तरी गळतो आहे एवढाच अर्थ. हे मी त्याला सांगितलं. मग तो आणखी दोन दिवस आला नाही.

तोवर सल्ले सुरू झाले. शेजारचे काका म्हणाले फिल्टर धुवा. ते खरं होतं. जाळीवर इतका कचरा होता की त्यातून हवा जाईना, कॉइलवर बर्फ धरायचा आणि एसी बंद केला की तो वितळून एकदम लोटाभर पाणी यायचं. फिल्टर धुतला. लोटाभर बंद झालं, टपटप चालूच. मेहुण्यानं सांगितलं, नळीत व्हिनेगर ओत. ओतलं. खोलीला लोणच्याच्या बरणीचा वास आला. ब्लीचिंग ओतू का विचारलं तर तो म्हणाला अजिबात नको, कॉइल खाईल. मेहुण्याचा हा एक सल्ला मी आयुष्यभर लक्षात ठेवीन, कारण तो पहिल्यांदाच बरोबर ठरला. घरातला व्हॅक्यूम क्लीनर नळीला लावायला निघालो तेव्हा बायकोनं प्लगवर हात ठेवला. "तो कोरड्या धुळीचा आहे. पाणी ओढलं तर तो जाईल. मग एसीच्या जोडीला तोही रडेल."

राहिली फुंकर. गॅलरीत जाऊन, नळीचं तोंड माझ्या तोंडाला लावून, सनईवाल्यासारखे गाल फुगवून मी फुंकलो. आधी जिभेवर माती आली. म्हटलं गाव धुळीचंच आहे. दुसऱ्यांदा सगळा जीव एकवटून फुंकलो, काहीतरी सरकलं, आणि आतून आईची किंकाळी आली. आई एसीखाली बसून स्तोत्र म्हणत होती. नळीत जे काही साचलं होतं ते उलटं वर जाऊन ट्रेमधून तिच्या पोथीवर उतरलं होतं. करड्या रंगाचं, बुळबुळीत, पातळ केलेल्या खळीसारखं. आई एवढंच म्हणाली, "कुलरनं असं कधी केलं नाही."

सहाव्या दिवशी मेकॅनिक उगवला. विशीतलं पोरगं, कानात पेन. त्यानं एसी उघडला नाही, गेजही काढला नाही. सरळ गॅलरीत गेला, कठड्यापाशी उभा राहिला आणि विचारलं, "ही तार कोणं बांधली?"

आई माझ्याकडे बघू लागली. बायको माझ्याकडे बघू लागली. खालून काकूही वर बघू लागल्या, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"भाऊ, पाण्याले उतार पाहिजे," तो तार सोडत म्हणाला. "तुम्ही मधात झोळी केली. झोळीत पाणी थांबते, पाण्यात धूळ बसते, धुळीची चिकट होते. मग चोक." हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनीही मला इतक्या कमी शब्दांत कधी काही समजावलेलं नाही. मग त्यानं नळीच्या तोंडात स्क्रूड्रायव्हर घातला आणि तळहातावर मातीचा एक सुबक गोळा काढून ठेवला. अर्धा फुटलेला. कुंभारीण माशीचं घर. आम्ही अमरावतीला वांग्याची भाजी खात होतो तेव्हा तिनं तयार जागा बघून आमच्या नळीत बाळंतपणाची सोय केली होती. ही माशी पिल्लांना खायला अळ्या लुळ्या करून घरात साठवते, हे पोरानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी आत जाऊन चूळ भरली. तीनदा.

नळी धुतली, उतार दिला, तोंडाला माशी शिरणार नाही अशी मोठ्या भोकांची जाळी बांधली. बारीक जाळी नको, तीच चोक होते. मग त्यानं ट्रेमध्ये लोटाभर पाणी ओतलं आणि ते दुसऱ्या टोकाला सरळ धारेनं खाली पडलं. "महिन्यातून एकदा हे करून पाहत जा. इकडून ओतलेलं तिकडून आलं, तर समजायचं ओके." पाचशे रुपये घेऊन तो गेला, बहुधा बर्डीवर.

उतार दिल्यामुळे नळीचं तोंड पुन्हा काकूंच्या अंगणात. मी खाली जाऊन माफी मागितली आणि एक बादली ठेवली, तोंड मात्र पाण्याला टेकणार नाही असं. काकूंनी चार दिवस त्या पाण्याकडे संशयानं पाहिलं, मग मोगऱ्याला घातलं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते त्यांच्या कुलरमध्ये गेलं. बोअरच्या पाण्यानं ताट्यांवर पांढरा खार धरतो, या पाण्यानं धरत नाही, हा शोध त्यांनी लावला आणि सगळ्या गल्लीत सांगितला. हॉलमधलं माझं पाणी असं शेवटी कुलरमध्येच पोचलं, फक्त दुसऱ्याच्या.

यंदा आईनं पंख्यावर भागतं म्हणून हॉलमधला कुलर लावलाच नाही. मेमध्ये काकूंची हाक आली, "अरे बाबू, बादलीत पाणी नाही. एसी बंद ठेवतो काय?" मी म्हटलं, काकू, मेची हवा इतकी कोरडी असते की एसीला हवेत पाणीच सापडत नाही. त्या म्हणाल्या, "मागच्या वर्षी तर एप्रिलातच कुरड्या भिजल्या होत्या माझ्या."

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते आईच्या कुलरपासून सुरू होत होतं. त्यामुळे हल्ली रोज रात्री दहाला, काकूंचे दिवे मालवले की, मी स्टुलावर चढतो आणि एसीच्या ट्रेमध्ये हळूच तीन लोटे प्यायचं फिल्टरचं पाणी ओततो. बायको विचारते काय चाललंय. मी म्हणतो, नळी तपासतोय.