ढोल कमी करा, ताशा ऐकू द्या

आज लक्ष्मी रोडला एक पथक ऐकलं आणि डोकं फिरलं. ६० तरी ढोल असतील. ताशे होते, पण काड्या हलताना दिसल्या म्हणून कळलं. आणि पहिल्या रांगेपासून चार हातांवर बापाच्या खांद्यावर बसलेलं एक लहान पोर कानांवर हात दाबून रडत होतं. बाप मोबाईलवर शूटिंग करत होता.

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीवर आपल्या सगळ्यांचा जीव आहे, म्हणूनच हे लिहायचं.

पथक चालतं ताशावर. हात (ठेक्याचा प्रकार) कधी बदलायचा, लय कुठे चढवायची, कुठे तोडायचं, हे ताशेवाला सांगतो आणि ढोल त्याला उत्तर देतात. आता ६० ढोल तिघा-तिघांनी उभे केले की झाल्या २० रांगा. टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, मोकळं फिरायला दोन रांगांत दोन मीटर धरा, पथक झालं जवळपास ४० मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे पुढचा ठोका शेवटच्या रांगेला सेकंदाचा दहावा भाग उशिराच ऐकू येणार. संथ हाताला ते खपून जातं. लय चढली की मागचे मागे राहतात, पुढचे पळत सुटतात, आणि समोरच्या माणसाला ठेका नाही, नुसता गडगडाट ऐकू येतो. ताशे आणि टोल (ठोक्याची धातूची थाळी) मधोमध घेतले की हे अंतर निम्मं होतं. मागच्यांनी कानावर न जाता पथकप्रमुखाच्या हाताच्या खुणेवर वाजवायचं. इतकं सोपं आहे!

दुसरं दुखणं पानांचं, म्हणजे ढोलाच्या तोंडावर ताणलेल्या पडद्यांचं. चामड्याचं पान पावसाळी हवेत ओल धरतं, सैल पडतं आणि भद्द वाजतं. फायबरच्या पानाला ओलीचं भय नाही, पण दोरी सरकली की त्याचीही तीच गत. निघण्याआधी प्रत्येक ढोल वाजवून, दोरी ओढून, सगळ्यांचा ताण सारखा करायला वेळ लागतो. तो वेळ कुणी काढत नाही. मग दहा भद्द ढोल झाकायला आणखी वीस आणायचे.

२० नीट ताणलेले ढोल आणि पाच तयारीचे ताशे ऐका कधीतरी. ताशेवाला काड्या पानाच्या कडेकडे नेतो, आवाज बारीक होत जातो, ढोल गप्प, सगळी टिपरं वर धरलेली. आणि मग एकदम सगळ्यांचा एकच ठोका पडतो. छातीत जाणवतो तो. अंगावर काटा येतो, डोळ्यांत पाणी येतं.

मुलामुलींना पथकात शिस्त लागते, आलेल्याला नाही कसं म्हणायचं, हे मान्य. २०२४ साली हरित लवादाने प्रत्येक पथकाला ३० जणांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, तेही बरंच झालं. आकडा कोर्टाने ठरवू नये. पण मग पथकांनी तरी ठरवाल की नाही?

आणि ते पोर! १०० डेसिबलला सुमारे १५ मिनिटं ही मोठ्या माणसाच्या कानाची मर्यादा मानतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. लक्ष्मी रोडला तर दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज परत अंगावर येतो. कापसाच्या बोळ्याने काही होत नाही. मोठ्यांनी फोमचे इअरप्लग बोटांनी वळून बारीक करावेत, कान वर-मागे ओढून आत घालावेत आणि फुगेपर्यंत दाबून धरावेत. लहान मुलांना कान पूर्ण झाकणारे मफ्स लागतात. ते नसतील तर मूल घेऊन पथकाच्या तोंडाशी उभं राहू नका, गल्लीच्या आत जा. व्हिडिओ राहू दे.

पथकप्रमुखांना एकच विनंती. पुढच्या वर्षी नदीपात्रात सराव सुरू झाला की एकदा स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहा. तिथे ताशा कळेना झाला, तर कळेपर्यंत एकेक ढोल कमी करत जा.