बँड टिकतो तो तालमीच्या जागेवर

"इंडियन ओशन सिनेमात पूर्णवेळ गेले असते तर कुठल्या कुठे पोचले असते!" दिल्लीच्या या बँडबद्दल हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आज सविस्तर लिहितेच.

मुळात ते सिनेमात गेले होते. 'ब्लॅक फ्रायडे'चं संगीत त्यांचंच. १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांवरचा तो सिनेमा कोर्टात अडकला आणि २००७ मध्ये आपल्याकडे लागला. पीयूष मिश्रांनी लिहिलेलं 'बंदे' त्याच्या आधीच लोकांच्या तोंडी बसलं होतं. पुढे 'मसान'ही केला. पण सिनेमा हे त्यांचं घर कधीच नव्हतं. घर होतं दिल्लीत करोल बागेत, १६/३३०, खजूर रोड. त्या जुन्या घरात वर्षानुवर्षं तालमी झाल्या, गाणी तिथेच जन्मली आणि २०१० च्या अल्बमला त्यांनी त्या पत्त्याचंच नाव दिलं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की स्वतंत्र बँडची कारकीर्द हिट गाण्यावर उभी राहत नाही. रोज जमायला एक जागा आणि तिकीट काढून येणारा श्रोता, या दोन गोष्टींवर ती उभी राहते.

गिटारवादक सुश्मित सेन आणि तबला वाजवत गाणारे असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये सुरुवात केली. पहिला अल्बम १९९३, 'डेझर्ट रेन' १९९७, 'कंदिसा' २०००, 'झिनी' २००३. म्हणजे एकेका अल्बमला तीन-चार वर्षं. आज एखाद्या कंपनीला एवढा धीर धरायला सांगून बघा. पण एवढा वेळ दिल्याशिवाय 'माँ रेवा' होत नाही. बँडचे बेस गिटारवादक राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी करून परतले आणि नर्मदा बचाओ आंदोलनात उतरले. नर्मदेचं ते गाणं खोऱ्यातून बँडमध्ये आलं ते त्यांच्यामुळे. आपले नंदुरबार जिल्ह्यातले अक्कलकुवा-धडगावचे पाडेही त्याच नदीकाठचे, सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात गेलेलं मणिबेली गाव तिथलंच. नदीचं नाव घेऊन गाणं करणारे पुष्कळ आहेत. हे गाणं मात्र तिथे राहून आलेल्या माणसाचं आहे, आणि मला ते ऐकताना कळतं. बेसची एकच ओळ खाली वाहत राहते, वर असीमदांचा तबला आणि त्यांचाच गळा. मांडी घालून बसून एकाच वेळी तबला वाजवायचा आणि वरच्या पट्टीत गायचं! ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं त्यांना मी काय सांगतेय ते समजेल. 'कंदिसा' तर केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची प्राचीन प्रार्थना. भाषा कुणाला येत नव्हती, तरी अख्खं मैदान सोबत गायचं.

२५ डिसेंबर २००९ ला असीमदा गेले. इथे बहुतेक बँड संपतात. यांनी पुढच्याच वर्षी, त्यांचा आवाज असलेली गाणी कुठल्याही म्युझिक कंपनीच्या हाती न देता इंटरनेटवर फुकट दिली, महिन्याला एक. २०१३ मध्ये सुश्मितही बाहेर पडले. तरी २०१४ ला 'तांदानू' आला, २०२३ ला 'तू है'. माणसं बदलली, पण एकत्र बसून गाणं घडवायची सवय मोडली नाही.

गाणं फुकट देणं परवडतं कधी? लोक कार्यक्रमाला पैसे मोजून येतात तेव्हा. आणि इथे आपलं, पुण्या-मुंबईकरांचं, मला फार वाईट वाटतं. नाटकाच्या तिकिटासाठी आपण खिडकीवर रांग लावतो. तोच माणूस बँडचा कार्यक्रम म्हटला की विचारतो, "पास मिळेल का गं?" मुलं इंजिनिअरिंगला असताना वाजवतात, प्लेसमेंट झालं की गिटार भिंतीवर जाते, आणि आपण म्हणतो, हौस होती, फिटली. हौस फिटत नाही हो, जागा संपते! माझ्या मावसभावाचा बँड फ्लॅटमध्ये तालीम करायचा. खिडक्यांना गाद्या लावल्या, ड्रमवर टॉवेल टाकले, तरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघालाच. आता ते तासावर स्टुडिओ घेतात आणि घड्याळाकडे बघत वाजवतात. घड्याळाकडे बघत चाल बसवता येते, नवीन गाणं सापडत नाही.

महापालिकेच्या नाट्यगृहांमधल्या तालमीच्या खोल्या रिकाम्या असतील त्या वेळी परवडेल अशा दरात बँडना द्याव्यात, असं पत्र मी आमच्या नगरसेवकांना लिहितेय. सही करायची असेल त्यांनी खाली कळवा. आणि भावाच्या बँडचा पुढचा कार्यक्रम ठरला की इथेच टाकेन. पास नाहीयेत, तिकीट काढून या.