‘घर आपलं आहे, विचारणारे ते कोण?’: एका फॉरवर्डचा समाचार

ॲडमिशनचा हंगाम आला की पुण्यातल्या फ्लॅटमालकांच्या ग्रुपवर एक मेसेज न चुकता उगवतो. मथितार्थ असा: ‘मुलांना वर्षभर कशाला ठेवता? ॲडमिशनला, परीक्षेला येणाऱ्यांना दिवसावर द्या. याला पीजी म्हणतात, म्हणून करार नको. जीएसटी नाही. सोसायटीला विचारायचा अधिकार नाही. पोलिसांत नोंद नको. घर आपलं आहे!’

मी कोथरूडच्या एका सोसायटीत काही वर्षं सेक्रेटरी होतो, आणि माझाही एक टूबीएचके विद्यार्थ्यांकडेच असतो. त्यामुळे भाड्याने देण्यावर माझा राग नाही. राग आहे तो या मेसेजच्या आत्मविश्वासावर.

‘याला पीजी म्हणतात.’ म्हणत असतील, पण कायदा म्हणत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये पेइंग गेस्टची व्याख्याच दिली आहे: घर देणारा स्वतः ज्या जागेत राहतो, त्याच जागेचा काही भाग ज्याला दिला तो. मालक ठाण्याला, फ्लॅट कर्वेनगरला आणि आत कॉट बेसिसवर (माणशी एका कॉटचं भाडं) सहा पोरं, हे त्या व्याख्येत बसत नाही. ते लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक काळ जागा वापरण्याची परवानगी, झालं, आणि कलम ५५ नुसार त्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची, एजंटची नाही. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून झोंबणारी गोष्ट पुढेच आहे. करार नोंदलेला नसेल, तर डिपॉझिट किती नि भाडं किती याबाबत राहणारा जे सांगेल ते खरं धरलं जातं. खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं.

यावर हुशार माणूस म्हणेल, दोन रात्रींच्या पाहुण्याला कुठला आलाय करार! बरोबर. हॉटेल, लॉज, गेस्ट हाउसमध्ये उतरलेल्याला हा कायदा लायसन्सी (अशी परवानगी घेऊन राहणारा) मानत नाही. पण मग तुम्ही गेस्ट हाउस चालवताय हे कबूल करा. करार टाळायला गेस्ट हाउस आणि बाकी सगळ्याला ‘आमचं राहतं घर’, असं दोन्हीकडून कसं जमेल?

‘जीएसटी नाही.’ हे निम्मं खरं आहे. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर मालकाला सहसा नोंदणी लागत नाही. पण बुकिंग ॲपवरून आलं, तर कर ॲपवाली कंपनी भरते आणि पाहुण्याकडून वसूल करते. दिवसाला हजाराच्या आतल्या खोलीला पूर्वी माफी होती, ती १८ जुलै २०२२ पासून गेली. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के, म्हणजे दोन हजारांच्या खोलीवर शंभर रुपये. गंमत अशी, की मेसेज ज्या मुलाला बाहेर काढायला सांगतो, त्याच्याच राहण्याला सरकारने सूट दिली आहे: १५ जुलै २०२४ पासून, महिना माणशी २० हजारांपर्यंत आणि सलग किमान ९० दिवस राहणार असेल तर जीएसटी नाही. लेकीच्या ॲडमिशनसाठी लातूरहून दोन दिवस आलेले वडील त्यात बसत नाहीत.

‘सोसायटीला अधिकार नाही.’ भाडेकरू कोण असावा, मुलगी चालेल की मुलगा, यात सोसायटीने नाक खुपसू नये, हे मी सेक्रेटरी असतानाही म्हणायचो. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते तो आकार, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हेही खरं. पण आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांची नमुना नियमावली, कराराची आणि पोलिसांना कळवल्याची प्रत सोसायटीला द्या म्हणतात. दर दोन दिवसांनी बदलणाऱ्या माणसाची कुठली प्रत देणार? रात्री दोनला बॅगा घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबाला वॉचमनने कुठल्या वहीवरून ओळखायचं?

पोलिसांचं थोडक्यात. भाडेकरूंची माहिती देण्याचे आदेश पोलीस आयुक्त काढत असतात; आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. आणि पुण्यात येमेन, सुदान, इराणचे विद्यार्थी येतात, त्यांचे नातलगही येतात. परदेशी पासपोर्टवाला माणूस एक रात्र जरी ठेवला, तरी त्याची माहिती (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) २४ तासांत ऑनलाइन भरायची. हे हॉटेलांपुरतंच आहे असा समज फार पसरलाय, तो चुकीचा आहे.

राहता राहिलं ‘घर आपलं आहे’. आहेच की. पण पुणे महापालिका घरपट्टीत ४० टक्के सवलत देते ती मालक स्वतः राहतो त्या घराला, आणि ती मिळवायला पीटी-३ अर्ज भरावा लागतो. आमच्याच ग्रुपवर एकाने हा मेसेज टाकला आणि त्याच्या खाली दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘पीटी-३ भरायची शेवटची तारीख कुणाला माहितीये का?’ त्याच्या फ्लॅटचे फोटो ॲपवर आहेत, ‘संपूर्ण घर तुमच्यासाठी’ या मथळ्याखाली.