ड्रॉइंगचे मार्क राहू देत, आधी ड्रॉइंगचे सर द्या

दहावीचा रिझल्ट लागला की आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर ठरलेला वाद सुरू होतो, इंटरमिजिएट या सरकारी ड्रॉइंग परीक्षेचे ज्यादा मार्क दहावीला द्यावेत की नाही. ए ग्रेडला ७, बी ला ५, सी ला ३. एक गट म्हणतो पोरं कलेसाठी नाही तर मार्कांसाठी बसतात, टक्केवारी फुगते, बंद करा. दुसरा म्हणतो खेळाला देता मग चित्राला काय झालं. आणि मी जपानमध्ये राहते म्हणून मग हमखास कोणीतरी मला टॅग करतं, तुमच्या जपानमध्ये बघ, तिथे मुलं आनंदासाठी चित्रं काढतात, असले मार्कबिर्क नसतात. या वेळी आतेभावाने लिहिलं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण हे चूक आहे आणि या चुकीमुळे आपण भलत्याच गोष्टीवर भांडत बसतो.

इथे मार्क असतात आणि चांगले वजनदार असतात. टोकियोत सरकारी हायस्कूलला प्रवेश घेताना बहुतेकांना लेखी परीक्षा असतेच, पण त्यासोबत आधीच्या शाळेतल्या ग्रेड धरतात, प्रत्येक विषयाला १ ते ५. लेखी परीक्षेतले पाच विषय तसेच धरतात आणि चित्रकला, संगीत, व्यायाम, तंत्र-गृहविज्ञान या चार विषयांच्या ग्रेड दुप्पट करतात, कारण त्यांचा लेखी पेपर नसतो. म्हणजे एकूण ६५ पैकी १० एकट्या चित्रकलेचे! तेव्हा मार्क दिले की कला बिघडते असं काही मला पटत नाही.

फरक आहे तो दुसरीकडेच. इथे मार्क मिळतात ते वर्गात शिकवलेल्याचे, आणि वर्गात तास होतोच होतो. प्राथमिकला चित्र आणि हस्तकलेचा एकच विषय आहे, झुको म्हणतात. पहिलीला वर्षाचे ६८ तास, दुसरीला ७०, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५०, प्रत्येक तास ४५ मिनिटांचा, आणि हे आकडे सरकारी नियमात लिहिलेले आहेत त्यामुळे कोणी मुख्याध्यापक मनात आलं म्हणून तिथे गणित घुसवत नाही.

माझी मुलगी इथल्या सरकारी शाळेत पाचवीत आहे. पालकांना तास बघायला बोलावतात तेव्हा मी त्यांच्या झुकोच्या खोलीत जाऊन उभी राहिले. विजेवर चालणाऱ्या बारीक करवतीवर मुलं प्लायवूड कापत होती, फळी दोन्ही हातांनी दाबून धरायची आणि पातं नाही फिरवायचं, फळी फिरवायची, वळणावर अडकलं की ओढायचं नाही, थांबायचं. सर शेजारी उभे, पण हात लावत नव्हते. शेवटी प्रत्येकाने आपल्या कामाखाली एक कार्ड लावलं, काय करायचं होतं आणि काय केलं. माझ्या लेकीने लिहिलेलं, मांजराचं शेपूट गोल वळवायचं होतं पण पातं तुटलं म्हणून आखूड ठेवलं, आता ते बसलेलं मांजर आहे. ग्रेड देताना हा विचारही बघतात, नुसती सफाई नाही. सगळीकडे असंच असेल असं नाही हं, टोकियोत बऱ्याच शाळांना झुकोचे वेगळे सर असतात पण बाहेरच्या भागात बरेचदा वर्गशिक्षकच घेतात, आणि वरच्या वर्गात तास कमी होत जातात ते मलाही खटकतं.

आता आपल्याकडे बघा. माझ्या भाचीच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर रिटायर झाले, जागा भरलीच नाही, चित्रकलेच्या तासाला गणिताचा ज्यादा तास होतो. पण ७ मार्क तर आहेतच, मग ताईने बाहेर क्लास लावला. तिथे स्मरणचित्राचे ठरलेले विषय घोटून घेतात, बाजार, बसस्टॉप, गणपती विसर्जन, आणि तिन्हीत तीच डोक्यावर टोपली घेतलेली बाई त्याच कोपऱ्यात. ज्या पेपरात मुलीने स्वतः पाहिलेलं आठवून काढायचं तिथे ती क्लासच्या सरांचं चित्र आठवून काढते. यात ना भाचीचा दोष, ना परीक्षेचा. शिकवणारा काढून घ्यायचा आणि मार्क ठेवायचे, तर मार्क विकणारं कोणीतरी उभं राहणारच. आणि ज्याला क्लास परवडत नाही त्याचं काय?

बरं, जपानी लोक जन्मतःच शहाणे होते असंही नाही. इथेही मुलं वर्षानुवर्षं पुस्तकातलं चित्र बघून तस्संच उतरवायची. यामामोतो कानाए नावाचा चित्रकार युरोपातून परतताना मॉस्कोत लहान मुलांची चित्रं बघून आला आणि १९१९ साली नागानोतल्या एका गावच्या शाळेत त्याने मुलांनी स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं, तिथून नकलेविरुद्धची चळवळ पेटली. त्यात गावोगावचे शिक्षक उतरले म्हणून ती टिकली, शिक्षकच नसते तर कोणी चालवली असती?

आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट या परीक्षा मला मनापासून आवडतात, हेही सांगते. वस्तुचित्र, नक्षीकाम, अक्षरलेखन, भूमिती, एवढी शिस्त इथल्या प्राथमिकला नाही. तांब्याची कड लंबगोल का दिसते हे आमच्या बाईंनी तांब्या डोळ्यासमोर वरखाली करून दाखवलं होतं, ते मला अजून उपयोगी पडतं.

२०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद पेटला तेव्हा काही शिक्षणतज्ज्ञ ओरडून सांगत होते की वेळापत्रकात कला, खेळ, कार्यानुभवाच्या तासिकांना कात्री लागतेय. भाषेवर सगळे बोलले, तासिकांवर फार कमी बोलले, याचं मला फार वाईट वाटलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला अवांतर मानू नका असं लिहिलंय, आणि एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा, केलेली कितीतरी मुलंमुली नोकरी नाही म्हणून घरी बसलीयत. मग भरा ना जागा!

भाचीला परीक्षेला बस असंच सांगितलंय. फक्त आठवडी बाजाराला आजीबरोबर वही घेऊन जा, टोपलीवाली बाई खरंच कुठे बसते ते बघ म्हटलंय. आणि ताईला म्हटलंय, पुढच्या पालकसभेत ड्रॉइंगच्या सरांची जागा कधी भरणार ते लेखी विचार, एकटी नको, आठदहा पालकांच्या सह्या घेऊन.